‘आगे पाला है’: बर्फात मोटरसायकल चालवावी का?

किन्नौरमधल्या एका ढाब्यावर चहाचे पैसे दिले, तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, “भैया, आगे पाला है, धीरे जाना.” मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, पाला तर पाला. पानगळीत आपल्याकडेही रस्त्यावर पडतो, त्याचं काय एवढं. खाबचा सतलज-स्पिती संगम ओलांडून ‘का लूप्स’ नावाच्या नागमोडी वळणांच्या वर आलो. एका वळणावर डोंगराची सावली होती. तिथे माणूस चालतो त्या वेगात मी गाडीसकट आडवा झालो. डांबर काळंभोर होतं, फार तर ओलसर म्हणावं इतकंच. उठायला गेलो तर पाय सटकला आणि पुन्हा बसलो. हिमाचलात ‘पाला’ म्हणजे रात्रीच्या थंडीने रस्त्यावर धरलेला बर्फाचा पापुद्रा, हे ज्ञान मला असं रस्त्यात बसून मिळालं.

तेव्हापासून कुणी विचारलं की “डिसेंबरात स्पिती करतोय, बर्फात गाडी चालवता येईल ना?”, तर मी आधी प्रश्नाचे दोन तुकडे करतो. एक प्रश्न थंडीचा आणि दुसरा निसरड्याचा. लोक तयारी करतात ती पहिल्याची, म्हणजे जाकीट, हातमोजे, थर्मल. पाडतो मात्र दुसरा. थंडीवर पैसे, कपडे आणि अक्कल वापरून बऱ्यापैकी मात करता येते. निसरड्यापुढे या तिन्हींचा उपयोग फार थोडा.

आपल्या भाषेनेही इथे जरा फसवलंय. आपल्याला ठाऊक असलेला बर्फ गोळेवाल्याकडचा आणि मासळी बाजारातला. आकाशातून पडतं तेही आपण बर्फच म्हणतो आणि रस्त्यावर काचेसारखं गोठतं तेही बर्फच. चाकाच्या दृष्टीने या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. म्हणून या लेखापुरतं भुरभुरीत पडलेल्याला ‘हिम’ म्हणू आणि गोठून काच झालेल्याला ‘बर्फ’.

टायर रस्त्याला किती धरून ठेवतो, ते घर्षणाच्या एका आकड्यात सांगता येतं. कोरड्या डांबरावर हा आकडा साधारण ०.७ ते ०.८ असतो. ओल्या रस्त्यावर ०.४-०.५ च्या आसपास. गाड्यांनी दाबून घट्ट केलेल्या हिमावर ०.२ ते ०.३. आणि बर्फावर ०.१, कधी त्याहूनही कमी. आता ताशी ३० किमी वेगाने चाललेली गाडी घ्या. पूर्ण ताकदीने ब्रेक लावला तर कोरड्या रस्त्यावर ती ५ मीटरमध्ये थांबेल, दाबलेल्या हिमावर सुमारे १२ मीटरमध्ये आणि बर्फावर ३५ मीटरमध्ये. हे सपाटीवरचं गणित झालं. घाटात दर शंभर मीटरला सात मीटर उतार असेल, आणि डोंगरी रस्त्यांवर तो असतोच, तर ०.१ मधले ०.०७ उतारच खाऊन टाकतो. ब्रेकसाठी उरतात ०.०३. तीच गाडी त्याच वेगाने आता जवळपास १२० मीटर घसरत जाईल. हिमालयातल्या घाटात पुढे १२० मीटर सरळ रस्ता कुठे मिळतो, ते मला दाखवा.

पहिल्या पावसात वरंधा किंवा ताम्हिणी घाट उतरलेल्यांना वाटतं, निसरडं आपण पाहिलंय. धूळ, तेल आणि पाणी यांचा तो राडा वाईट असतो, कबूल. पण बर्फाच्या जवळ जाणारं आपल्याकडचं काही असेल तर ते म्हणजे कोकणातल्या जांभ्याच्या पायरीवरचं भर श्रावणातलं शेवाळ. त्यावर आपण चालतानाही भिंत धरतो.

यावर कुणी म्हणेल, मग मोटारी कशा जातात? मोटार घसरते, पण उभी राहते. दुचाकी उभी राहते तीच मुळी घर्षणाच्या जोरावर. तळहातावर काठी तोलणारं पोर पाहिलंय ना? काठी जिकडे कलते तिकडे ते हात नेतं. दुचाकीचंही तेच. गाडी किंचित डावीकडे कलली की हँडल नकळत डावीकडे वळतं आणि चाकं पुन्हा वजनाखाली येतात. हे आपण दर क्षणी करत असतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. पण चाकाला बाजूला सरकवण्यासाठी रस्त्याने त्याला धरलेलं असावं लागतं. बर्फावर हँडल वळतं आणि चाक सरळच जातं. वळणावर किती झुकता येईल हेही त्याच आकड्यावर ठरतं. कोरड्या रस्त्यावर ३५ अंश झुकलेली गाडी तग धरते. बर्फावर सहा अंशांच्या आतच खेळ संपतो.

दुसरं म्हणजे ही पकड एकच असते आणि तिच्यातूनच सगळं भागवायचं असतं. वळण, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर या सगळ्यांना तिच्यातूनच वाटा द्यायचा. बर्फावर पूर्ण ऐवज दहा पैशांचा असतो. वळणात ब्रेकला दोन पैसे दिले तरी खिसा रिकामा. ब्रेकमध्ये एबीएस असेल तर चाक अडकत नाही, हे खरं. पण जी पकड रस्त्यातच नाही ती एबीएस कुठून आणणार? सैल हिमावर तर एबीएसमुळे थांबायचं अंतर वाढूही शकतं, कारण अडकलेलं चाक पुढे हिमाचा ढीग लोटतं आणि त्या ढिगाने गाडी अडते. एबीएस तो ढीगच होऊ देत नाही.

बर्फ निसरडा का असतो, याचं एक उत्तर शाळेत ऐकलेलं असतं की दाबाने तो वितळतो. गाडीच्या किंवा माणसाच्या वजनाचा दाब त्यासाठी फारच तोकडा पडतो. बर्फाच्या वरच्या थरातले रेणू खालच्यांसारखे घट्ट बांधलेले नसतात. गोठणबिंदूच्या खालीही तिथे पाण्यासारखा एक अतिपातळ थर असतो. मायकेल फॅरडेने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हे सुचवलं होतं. तापमान शून्याच्या जितकं जवळ, तितका हा थर जाड. त्यामुळे उणे वीस अंशांचा बर्फ चाकाला जरा तरी धरतो आणि शून्याच्या आसपासचा ओलसर बर्फ अजिबात नाही. ‘आज थंडी कमी आहे, रस्ता बरा असेल’ हा अंदाज इथे उलटा पडतो.

बर्फ जानेवारीतच भेटतो असं नाही

महाराष्ट्रातून जाणाऱ्या बहुतेकांची बर्फाशी गाठ पडते ती मे-जूनमध्ये. शाळांना सुट्ट्या, ऑफिसात रजा, गाड्या रेल्वेने चंदीगडला पाठवलेल्या आणि मनाली-लेह रस्ता नुकताच उघडलेला. सीमा सड़क संगठन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं ‘बीआरओ’, बुलडोझर आणि स्नो कटर लावून बारालाचा ला ही खिंड (सुमारे ४,८९० मीटर उंच) मोकळी करतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिमाच्या उंच भिंती उभ्या राहतात. फोटो झकास येतात. त्याच भिंती दुपारभर वितळतात, पाणी रस्त्यावरून वाहतं आणि सूर्य डोंगराआड गेला की तासाभरात त्याचा बर्फ होतो. मे महिन्यात घरी आंबे पिकत असताना तिकडे पोरं बर्फावर पडतात ती अशी.

यात वेळेची एक गंमत आहे. उन्हाळ्यात लडाखला गेलेल्या कुणालाही विचारा, तो सांगेल की पहाटे निघ. कारण रस्ता कापणाऱ्या नाल्यांना सकाळी पाणी कमी असतं आणि दुपारी हिम वितळून ते फुगतात. सल्ला बरोबर आहे, पण जुलै-ऑगस्टसाठी. रात्री पारा शून्याखाली जात असेल तर तोच सल्ला हाडं मोडणारा ठरतो. तेव्हा ऊन रस्त्यावर येईपर्यंत थांबायचं, दहाच्या पुढे निघायचं आणि तीन-साडेतीनला मुक्काम गाठायचा. दिवसात १२० किमी झाले तरी खूप झाले. आणि खिंडीला दिवसाचा मध्य द्यायचा, शेवट नाही.

ऊन आहे म्हणून सगळा रस्ता सारखा, असंही नसतं. उत्तरेकडे तोंड असलेल्या डोंगरउतारावर हिवाळ्यात दिवसभर ऊन पोचत नाही. पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून वारा लागतो, त्यामुळे तो रस्त्याच्या आधी गोठतो. धबधबा, फुटलेली पाइपलाइन, ढाब्यासमोर ओतलेलं भांड्यांचं पाणी, यांच्यापुढचा रस्ता संशयितच धरायचा. बोगद्याची तोंडं तर खास. मनाली आणि लाहौल जोडणारा, ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेला अटल बोगदा ९.०२ किमी लांब आहे. एका तोंडाशी कोरडा रस्ता सोडून आत शिरावं आणि लाहौलच्या तोंडाला हिमवर्षावात बाहेर पडावं, हे तिथे नेहमीचं. दहा-बारा मिनिटांत ऋतू बदलतो आणि आपण बोगद्याच्या वेगातच असतो. हिम पडायला लागलं की पोलीस सोलंगच्या, म्हणजे मनालीच्या बाजूलाच गाड्या अडवतात, फक्त फोर-बाय-फोर आणि चाकांना लोखंडी साखळ्या, म्हणजे चेन, लावलेल्या मोटारी पुढे सोडतात. अशा वेळी मोटरसायकल घेऊन त्यांच्याशी हुज्जत घालणारे मी पाहिलेत. पोलिसांची बाजू मला दरवेळी पटली.

मग कशावरून चालवता येतं?

ताजं, कोरडं, चार बोटं हिम सपाट रस्त्यावर असेल तर चालवता येतं. चाकाखाली ते करकरतं, दबतं आणि थोडीफार पकड देतं. मोटारींच्या चाकांनी घासून चकचकीत केलेल्या दोन पट्ट्या मोह घालतात, पण बर्फ तिथेच झालेला असतो. त्या पट्ट्या सोडून मधल्या किंवा कडेच्या न तुडवलेल्या हिमावरून जायचं. कडेने जाताना खाली रस्ताच आहे याची खात्री हवी, कारण हिमाखाली गटारही सपाटच दिसतं.

गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अलगद, अ‍ॅक्सिलरेटर गाईच्या पाठीवरून हात फिरवावा तसा. दोन्ही पाय खाली सोडून बदकासारखं जायला लाजू नये. पुढच्या ब्रेकवरची बोटं काढूनच ठेवायची, म्हणजे घाबरल्यावर ती दाबली जात नाहीत. उतारावर पहिल्या गिअरचा इंजिन ब्रेकही मागचं चाक अडकवू शकतो. तसं झालं की क्लच दाबायचा. नजर दूर ठेवायची. आणि पुढच्या गाडीपासून इतकं अंतर ठेवायचं की तो पडला तर आपल्याला हसायला वेळ मिळावा, मग थांबायला.

टायरबद्दल गैरसमज फार आहेत. मोठमोठ्या गुठळ्यांचे चिखलाचे टायर सैल हिमात चांगले चालतात, कारण ते रुततात आणि ढकलतात. बर्फात रुतायला काहीच नसतं. तिथे त्या गुठळ्यांमुळे रस्त्याला टेकणारं रबर उलट कमीच होतं. शिवाय आपल्याकडचं रबर आपल्या उन्हासाठी बनवलेलं, तापमान सात-आठ अंशांच्या खाली गेलं की ते कडक व्हायला लागतं. बर्फावर खरोखर काम करणाऱ्या गोष्टी दोनच, रुतणारे खिळे आणि लोखंडी चेन. हिवाळी स्पितीला जाणारे जाणते लोक चाकांना चेन बांधतात. पण चेन चढवल्यावर चाक, मडगार्ड आणि मागचं चाक धरणारा दांडा (स्विंगआर्म) यांच्यात जागा उरते का, ते घरीच चाक फिरवून बघायला हवं. पुढचं मडगार्ड बऱ्याचदा काढावं लागतं. चेन लावून वेग ताशी २०-२५ च्या वर नेऊ नये, आणि कोरडं डांबर आलं की चेन काढायची. म्हणजे एका दिवसात चार वेळा गारठलेल्या बोटांनी लोखंडाशी झटापट. ‘चेन आहे ना सोबत’ म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ती पिशवीतून काढलेलीच नसते.

जर्मनीत १९५६ पासून चालत आलेला, आता बव्हेरियात भरणारा एक हिवाळी मोटरसायकल मेळावा आहे, ‘एलेफांटेनट्रेफेन’, म्हणजे हत्तींची भेट. हत्ती हे झुंडाप कंपनीच्या एका जुन्या दणकट गाडीचं टोपणनाव. हिमात तंबू ठोकून हजारो लोक राहतात. तिथे पोचणाऱ्या गाड्यांत साइडकारवाल्या किती असतात ते बघण्यासारखं आहे. अनेक पिढ्या बर्फात वाढलेल्या लोकांनीही तिसरं चाक जोडून तोलाचा प्रश्नच काढून टाकलाय.

थंडीचा हिशेब

आता सोपा भाग. वाहत्या हवेत शरीराची ऊब लवकर जाते आणि मोटरसायकलवर वारा आपणच तयार करतो. तापमान ५ अंश आणि वेग ताशी ६० किमी असेल तर उघड्या त्वचेला ते उणे २ सारखं लागतं. निफाडकडे जानेवारीत काही पहाटे पारा पाचाच्या आसपास येतो, तेव्हा दुचाकीवर दुधाचे कॅन लावून निघालेला माणूस रोज शून्याखालचा प्रवास करत असतो. स्पितीतल्या काझाकडे उणे १० अंशांत ताशी ४० ने गेलात तर ते उणे २१ सारखं असतं. हा परिणाम त्वचेवरचा, इंजिनावरचा नाही. इंजिन हवेच्या तापमानाखाली जात नाही.

आधी जातात बोटं. ब्रेक किती दाबलाय ते कळेनासं होतं, म्हणजे जिथे नाजूक हात हवा तिथेच हात लाकडाचा होतो. म्हणून खर्च करायचाच तर आधी हातांवर. हँडलला लावायच्या गबाळ्या दिसणाऱ्या पिशव्या, म्हणजे मफ, महागड्या हातमोज्यांपेक्षा जास्त कामाच्या, कारण त्या वारा अडवतात. अंगाला चिकटून सुती बनियन नको. सुताने घाम धरला की तोच घाम थांबल्यावर गारठवतो. आत लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा थर, मध्ये ऊब धरणारा, बाहेर वारा अडवणारा. आयत्या वेळी काहीच नसेल तर छातीवर जाकिटाच्या आत वर्तमानपत्राची घडी. रविवारची पुरवणी उत्तम.

शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की डोकं मंद होतं. माणूस अडखळत बोलतो, हातातून किल्ली पडते, नकाशा बघूनही उमजत नाही. आणि ‘मी ठीक आहे’ म्हणतो. कुडकुडणं थांबलं, पण ऊब मिळालेली नाही, तर ती सर्वात वाईट खूण. तिथे रम हा उपाय नाही. तिच्याने त्वचेकडचं रक्त वाढून ऊब वाटते, पण आतली ऊब बाहेर जाते. उंचीची भर वेगळीच. पाच हजार मीटरच्या वर दर श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास येतो. थंडी आणि विरळ हवा या दोघी मिळून जो अवयव आधी बिघडवतात, त्याच अवयवाने पुढे जायचं की परतायचं हे ठरवायचं असतं. म्हणून मी परतायच्या अटी आदल्या रात्री, रजईत बसून, कागदावर लिहितो. दोनपर्यंत खिंड आली नाही तर परत. कुणीही एकदा बर्फावर पडला तर सगळे थांबणार. तिसऱ्यांदा हेल्मेटची काच पुसावी लागली तर थांबणार.

डोळ्यांचंही विसरू नका. ताजं हिम अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत परतवतं. ढगाळ दिवशीही गडद चष्मा हवा, नाहीतर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.

गाडीचं थोडक्यात. रेडिएटर असलेल्या गाडीत आपल्याकडचे गॅरेजवाले सर्रास साधं पाणी भरतात. वर ते गोठून फुगतं आणि इंजिन फोडतं. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते उणे ३५ अंशांपर्यंत तग धरतं. इंजिन ऑइलच्या डब्यावर ‘२०डब्ल्यू-५०’ लिहिलेलं असतं, त्यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते थंडीत लवकर पातळ. उणे वीसच्या आसपास बॅटरीची ताकद निम्म्यावर येते, म्हणून किक असलेली जुनी गाडी तिथे भाव खाते. केबलमध्ये पाणी शिरलं असेल तर सकाळी अ‍ॅक्सिलरेटर गोठलेला मिळतो, तेव्हा सुरू करण्याआधी तो मोकळा फिरतो ना ते बघायचं. टायरच्या हवेची मात्र एक मजा आहे. चंदीगडच्या २५ अंशांतून काझाच्या उणे १० मध्ये गेल्यावर हवा आकसून दाब पाच-सहा पीएसआयने उतरायला हवा. पण तिथे बाहेरच्या हवेचा दाबही जवळपास तेवढाच कमी असतो. मापकावर आकडा होता तितकाच दिसतो.

त्या दिवशी का लूप्सच्या वरच्या वळणावर मी गाडी उभी केली तेव्हा इंडिकेटर तुटला होता आणि क्लचची कांडी वाकली होती. नाको गाव आठ-दहा किमी वर होतं, सूर्य गेलेला. मागून सफरचंदाच्या रिकाम्या पेट्या घेऊन एक पिकअप आली. चालकाने काहीही न विचारता मागचं फळकूट खाली केलं. आम्ही गाडी वर चढवली आणि दोरीने बांधली. पुढच्या प्रत्येक सावलीतल्या वळणावर तो चेन लावलेल्या चाकांनी दहाच्या वेगाने जात होता, आणि दरवेळी माझ्याकडे बघून एकच शब्द म्हणत होता, “पाला.”